माझ्या जागी कागद

लिहा, जेबेझ. पण आधी बोटं शेकून घ्या,
दौतही ठेवा आगीपाशी, शाई गोठलीय तुमची.
हार्टफर्ड इथून तीस मैल.
नदीवर बर्फ धरलाय, पण माणूस पेलेल असा नाही,
आणि मला घोड्यावर चढवलंत
तर तिथे उतरवाल ते पोतं.

पहिली ओळ तुमचीच असते, ठाऊक आहे :
‘मेहिटेबल ग्रिसम, वय त्रेसष्ट, सुईण,
आजारामुळे प्रवासास असमर्थ.’
असमर्थ. बरा शब्द आहे.
माझा खोकला त्यात मावतो का बघा.

आता लिहा : कोठार जळलं त्या रात्री
थँकफुल प्रुडन माझ्या घरी होती.
चंद्र मावळायच्या आधी आली,
कोंबडं आरवल्यावर गेली.
चकमक नव्हती तिच्यापाशी. शालसुद्धा नव्हती.
मालकाच्या गवताला आग लावायची
तर आधी दोन पायांवर उभं राहता यावं लागतं.
हे शेवटचं नका लिहू.

का आली होती?
हां. विचारणारच तुम्ही.

शपथेला हात वर करते, थांबा,
कोपराला उशी द्या.
चाळीस वर्षांत या हातात दोनशे अकरा पोरं आली,
सगळ्यांची नावं वहीत आहेत.
दोनशे बारावं वहीत नाही.
ऑक्टोबरात जमीन अजून मऊ होती,
सफरचंदाखाली खणायला वेळ लागला नाही.

दाढ दुखत होती तिची. लिहा.
खालची, डावीकडची.
लवंगेचं तेल लावलं, रात्रभर कण्हत होती.
कण्हत होती हे दोनदा लिहा हवं तर,
ते खरं आहे.

थांबलात? पीस हवेतच राहिलं.
तुमच्या बायकोची बाळंतपणं मीच केली, जेबेझ.
तुमचं लग्न आणि तुमचा थोरला,
यांच्यामधले महिनेही मीच मोजले
आणि कुणाला सांगितले नाहीत.

लिहिलंत ना? वाचा.

किती सरळ दिसतं!
जणू एका दमात बोलले मी.
तिथे बारा पुरुष बसतील,
कागदाला विचारतील, कुठली दाढ?
कागद म्हणेल, डावी.
त्याला घाम फुटणार नाही,
तो खाली बघणार नाही.
जन्मात पहिल्यांदा या तापाचे उपकार मानते.
आणि वरच्या न्यायाधीशाकडे मी स्वतः जाईन,
लवकरच.
तेवढा प्रवास झेपेल.

फुली कुठे करू? इथे?
हात नका धरू.
वाकडी आली तर आली,
म्हणतील म्हातारी आजारी होती.
आहेच.

दार ओढून घ्या जाताना, वारा आत येतो.
आणि कोठडीत थँकफुल दिसली तर
तेवढं विचारा तिला, दाढ कशी आहे म्हणून.
डावी म्हणावं.
खालची.