सार्वजनिक जागा

औलू, फेब्रुवारी. चारलाच दिवे.
तौनोच्या कॉम्प्युटरवर तेरा वर्षांच्या क्रौंचांच्या नोंदी,
पलीकडच्या खोलीत आउलिक्कीच्या लॅपटॉपला
त्यातलं एक पीसही दिसत नाही.

पिंग जातो, परततो. एक मिलिसेकंद.
म्हणजे हाक पोचते आहे.

त्याने केबल बदलली. राउटर बंद करून
तीस आकडे मोजले, बोटांवर.
फोल्डरला परवानगी दिली: सर्वांना.
तिच्या पडद्यावर तेच:
या नेटवर्कवर कोणी नाही.

"पेनड्राइव्हवर दे ना. दहा पावलं तर आहेत."
"पावलांचा प्रश्न नाहीये."

कॉफी गार झाल्यावर
सेटिंगच्या तळाशी ती ओळ सापडली:
लॅपटॉपने या घराची नोंद केली होती
सार्वजनिक जागा म्हणून,
विमानतळ असावा तशी.

नोव्हेंबरात, बहिणीकडून सात महिन्यांनी,
हा नवा लॅपटॉप घेऊन ती परतली,
तेव्हा विचारलं होतं त्याने;
बूट काढता काढता तिने काहीतरी दाबलं होतं.

"तूच बदल," एवढंच म्हणून
तौनो कप विसळायला गेला.

खासगी.
वर्षं एकाखाली एक उतरू लागली.
तिने शेवटचं उघडलं, गेल्या वसंतातलं.
आत एकच ओळ:
मोजायला गेलो नाही.