उजवी बाही

आमच्या वहीत तिची पहिली नोंद वडिलांच्या अक्षरात:
वारकोन्यी एटेल्का, वय बारा, शाळेचा कोट.
उजवी बाही एक सेंटिमीटर सैल.
शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह,
कारण मापात डावं-उजवं करायचं नाही
हा त्यांनी मला शिकवलेला पहिला धडा.

पुढची पानं माझ्या अक्षरात.
सोळाव्या वर्षी दीड.
एकोणिसाव्या वर्षी अडीच.
त्या हिवाळ्यात ती अंताल्याहून आली होती,
सहा आठवडे, सहा स्पर्धा,
कमाईत जेमतेम बसचं भाडं सुटलेलं,
आणि अंगाला कसल्याशा मलमाचा कापरासारखा वास.
कोसेगमध्ये टीव्हीवर ती कुणाला दिसली नाही.
पेपरात यायची आतल्या पानावर,
तेही आडनाव चुकवून.

तेविसाव्या वर्षी तीन.
याच्या वर ती कधी गेली नाही.
जगात एकशे एकेचाळिसावी, असं तिची आई सांगायची
बेकरीच्या रांगेत,
कुणी विचारलेलं नसताना.

पॅरिसचं मी एकदाच विचारलं.
पात्रता फेरी, शेवटचा सामना,
एका गुणावर अडलेला.
टेप तिच्या खांद्यावर होती.
म्हणाली, चेंडू रेषेवर होता.
कुणाचा, ते नाही सांगितलं.
एवढा मोठा श्वास सोडला
की माप पुन्हा घ्यावं लागलं.

मग खांद्याचं ऑपरेशन. वहीत सात वर्षं
एटेल्का नाही.

परवा आली. आईच्या अंत्यविधीसाठी काळा कोट हवा होता.
पन्नाशीला आली आहे, चष्म्याच्या दुकानात काम करते,
लोकांना दूरची अक्षरं वाचायला लावते.
म्हणाली, या वेळी दोन्ही बाह्या सारख्या ठेव,
उतरला असेल ना आता हात.
मी टेप लावली. पुन्हा लावली.
अडीच.
हो, म्हटलं, सारखेच आहेत.
आणि कापड बेतलं ते वहीप्रमाणे.

आज कोट अंगात घालून ती आरशासमोर उभी राहिली,
दोन्ही मनगटं एका रेषेत.
बघ, म्हटलं नव्हतं?
मी मान डोलावली. तेवढ्यात टेबलाच्या कडेवरून
माझा खडू घरंगळला,
आणि तिनं तो, आरशातली नजर न काढता,
गुडघ्याच्या उंचीवर झेलला.

कुठंही शिवण उसवली नाही.