पाणी मुरतं कुठे

वर्गात बादली घेऊन यायचा म्हातारा गुंबान,
निळी, कान तुटलेली,
आणि सार्डिनचा एक रिकामा डबा.
इलोइलोची दुपार. पंखा बंद.
आम्ही सतरा-अठराची पोरं,
नदीतल्या होडीपलीकडे काही न पाहिलेली.

"लाट जहाज बुडवत नाही," तो म्हणाला,
"लाट फक्त दार ठोठावते."

डिसेंबर. उत्तर अटलांटिक.
जहाज पाव किलोमीटर लांब,
पोटात लोहखनिज,
इतकं जड की गोदामं निम्मीही भरत नाहीत,
वर नुसता घुमणारा अंधार उरतो.
नाळेवर, सगळ्यांच्या पुढे,
हवेच्या नळीवर लोखंडी टोपी. माणसाच्या डोक्याएवढी.
बोल्ट गंजलेला.
बंदरात त्यावर रंग त्यानेच दिला होता,
पांढरा, दोन हात. घाई होती.

तिसऱ्या रात्री टोपी गेली.
आवाज झाला नाही. झालाही असेल,
त्या वाऱ्यात कोण कुणाचं ऐकतं.
मग दर लाटेला दोन बादल्या, तीन बादल्या
दोरखंडांच्या खोलीत.
ब्रिजवरून काय दिसणार?
काळोख, आणि काळोखात पांढरं.
सेकंड मेटने लॉगबुकात लिहिलं: सर्व ठीक.
नाळ वीतभर खाली.
मग हातभर.
"हातभर म्हणजे किती, पोरांनो?
कालपर्यंत जी लाट समोर फुटायची
ती आज पहिल्या हॅचवर उभी राहते, इतकं."

बोलता बोलता त्याने डब्याला खिळ्याने भोक पाडलं,
बादलीत सोडला.
डबा तरंगत राहिला.
"बघत राहा. हेच अवघड असतं,
ठीक दिसणाऱ्या गोष्टीकडे बघत राहणं."
मी बाकाखाली मोबाइल चाळत होतो.

हॅचचं झाकण जेवणाच्या ताटासारखं वाकलं.
पहिलं गोदाम भरलं.
मधली भिंत होती,
मग नव्हती.
दुसरं भरायला पहिल्याइतकाही वेळ लागला नाही.
शेपूट वर आली, पंखा हवेत फिरत राहिला
कुणाची तरी वाट पाहून चिडल्यासारखा.
आचारी तेओदुल्फोने भात चढवला होता.

एवढ्यावर तो थांबला.
किती वाचले, कुणी विचारलं नाही.
त्याच्या डाव्या हाताला तीन बोटं होती.
चौकशीत म्हणे सगळ्यांनी वादळाचं नाव घेतलं.
वादळाला वकील नसतो.

"सर," मागून फ्लोरदेलिसा म्हणाली,
"रंगाखालचा गंज कळणार कसा?"

खिशातून त्याने छोटी हातोडी काढली,
टेबलाच्या पायावर मारली.
"चांगलं लोखंड वाजतं."
मग बाजूच्या खिडकीचा गज,
तिथे हातोडी उचलली, आणि तशीच
खाली ठेवली.

मी बादलीत पाहिलं.
डबा तळाशी होता,
केव्हाचा, कोण जाणे.