कार्ड

दहा मिनिटं नीट चालतं.
अकराव्या मिनिटाला डोंगरावर हिरव्या रेघा उतरतात,
मग सैनिकाचं तोंड फाटतं,
मग सगळं काळं,
आणि आतला पंखा रिकाम्या कांडीसारखा वाजत राहतो.

"कार्ड गेलं बहुतेक, नान्ना," सौजन्या म्हणाली.

कार्ड म्हटल्यावर मी उठलो.
अठ्ठावीस वर्षं मीही कार्डंच केली,
पुठ्ठ्याची, भोकांची, जकार्डावर चढणारी.
एका आडव्या धाग्याला एक कार्ड.
एका मोराला चारशे.

तिचं विटेएवढं. शिकवण्यांच्या पैशातून घेतलेलं,
पुण्याच्या कुणा पोराचं, वापरलेलं,
एसटीच्या पार्सलातून टॉवेलात गुंडाळून आलेलं.
टॉवेल मी लगेच ओळखला. आपल्याच भद्रावती पेठेतला.
कार्ड नाही ओळखलं.

तीन दिवस ती झटत होती.
ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला.
वायर बदलली.
मेरगूंच्या फोटो स्टुडिओतला मॉनिटर रिक्षातून आणला,
रेघा त्याच्यावरही आल्या.
कार्डाचे सोनेरी दात खोडरबराने घासले,
दुसऱ्या खाचेत बसवलं, फुंकलं,
मारुतीच्या शनिवारी नारळ तेवढा फोडायचा राहिला.
मांडीवर विड्यांचं सूप घेऊन तिची आई
दर तासाला "एमैंदी?" विचारायची
आणि उत्तर न ऐकता पान कापायची.

एप्रिल. त्रेचाळीस. वर पत्रा.

मी विचारलं, सकाळी किती वेळ चालतं?
अर्धा तास.
आणि आत्ता, दुपारी?
दहा मिनिटं. सांगितलं ना.

मागावर असं होतं:
चूक प्रत्येक मोरात त्याच जागी आली, तर कार्डात खोट.
उभी शेवटपर्यंत गेली, तर हुक मोडलेला.
पण सकाळी दिसत नाही आणि दुपारी दिसते,
तर मोडलेलं काही नसतं बहुतेक वेळा.
अडकलेलं असतं.

"उघड."
"वॉरंटी..." म्हणाली, आणि स्वतःच हसली.

सात स्क्रू. एक अजून सापडलेला नाही.
दोन पंख्यांतला पहिला फुंकरीने फिरला.
दुसरा जागचा हलला नाही.
पात्यांच्या मागे करडा, मऊ, दाबून बसलेला थर,
मी चिमटीत धरून उजेडात नेला.
कापूस.

आमचे माग भंगारात गेले त्याला सहा वर्षं झाली,
किलोवर गेले.
हा कुणाचा, कसा सांगणार?
मागच्या बोळात अजून चार चालतात.
किंवा भिंतीतून अजून गळत असेल.
किंवा पुण्याहूनच आला असेल, टॉवेलाचा.

दाढीच्या ब्रशने झाडलं. सुईने आस मोकळा केला.
शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब,
"नान्ना, तेल नको!"
पडून गेला होता.
तिने वाटाण्याएवढी पेस्ट लावली, जीभ दातात धरून,
तिची आजी सुईत दोरा ओवताना धरायची तशी.

लावलं.
दहा मिनिटं. अकरा. मी घड्याळाकडे, ती आकड्यांकडे:
एक्क्याऐंशी, ब्याऐंशी, तिथेच.
डोंगर सरळ. सैनिक तोंडासकट पळतोय.
पस्तिसाव्या मिनिटाला डाव्या कोपऱ्यात, खाली,
एक हिरवा धागा आला
आणि थांबला.

मी म्हटलं, पुन्हा उघडू.
ती म्हणाली, राहू दे, तिथे काही नसतं, नुसतं गवत.

गिरणीत असा माल वेगळ्या ढिगात जायचा.
सेकंड म्हणायचे त्याला.
आमच्या घरात दुसऱ्या कुठल्या चादरी कधी नव्हत्याच.

आता डबा उघडाच असतो,
घरातला एकुलता टेबलफॅन त्याच्या तोंडाशी लावलेला.
आम्ही दोघं वर्तमानपत्राने वारा घेतो,
ती लढते,
आणि मी कोपऱ्यातला तो धागा
लांबतोय का, बघत बसतो.