बाटली अ, बाटली ब

परळच्या ओपीडीत, जिन्याखालच्या खोलीत
मी गोळ्या मोजायचो.
अ पांढरी, ब पांढरी, दोन्हींची चव खडूसारखी
(चाटून पाहिली होती, सांगू नका कुणाला).
अ म्हणजे काय, ब म्हणजे काय,
मला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही.
ते लाखबंद पाकिटात, पाकीट कपाटात,
किल्ली सिस्टर डिमेलोंच्या कमरेला.

प्रश्न चौदा. पुण्यात बसून कुणीतरी मराठीत आणलेले:
"आपणांस आशंकायुक्त ताण जाणवतो काय?"
यास्मिन दळवी माझ्याकडे बघत राहिल्या.
मी म्हटलं, म्हणजे जीव वरखाली होतो का?
"तसं होय. काजं करताना.
धाग्याला सुई सापडत नाही."
मी लिहिलं: तीन.
धाकधूक, घालमेल, पोटात गोळा,
सगळ्यांना शून्य ते चारात बसवत गेलो.
हुरहूर कितीची धरायची, अजून कळलेलं नाही.

सहा सोमवार.
यास्मिनबाई अ. झोप तीच, तुटकी,
पण सुईत धागा जातो आता.
फिलोमिना तुस्कानो ब. बाकावरच मान टाकायच्या.
लेजरात आठाचा शून्य झाला, साहेब ओरडला,
त्यांना काहीच वाटलं नाही.
"वाटायला हवं होतं ना हो?"

आणि मोरेश्वर वैती, ससून डॉकवर बोटींची इंजिनं बघणारा.
तोही ब. सव्वीसवरून सातावर.
इतका उतार दुसऱ्या कुणाचाच नाही;
डॉक्टरांनी त्याचा कागद विद्यार्थ्यांना दाखवला.
चौथ्या सोमवारी त्याने बाटली टेबलावर ठेवली, अर्धी.
"इंजिनात बिघडलं की मला आधी पोटात कळायचं,
कानाला नंतर.
आता पोट गप्प.
परवा एक बोट सोडली मी, ठीक आहे म्हणून.
खांदेरीपलीकडे गियरबॉक्स फुटला.
माणसं आली परत, दुसऱ्यांनी ओढून आणली.
माझ्यामुळे नाही आली."

फॉर्मवर गळतीची कारणं चार:
गुण नाही, त्रास झाला, पत्ता बदलला, इतर.
मी 'इतर'वर खूण केली
आणि समासात बारीक लिहिलं: पोट बोलत नाही.
डॉक्टरांनी ते लाल पेनाने खोडलं.
समासात लिहायचं नसतं.

पाकीट फुटलं डिसेंबरात.
अ आणि ब यांना लांबलचक नावं मिळाली.
फरक: नगण्य.

वैतीला सांगायला डॉकवर गेलो.
तो बोटीच्या पोटात उतरलेला,
वर फक्त टाचा, डिझेलने काळ्या.
"थांबा," आतून म्हणाला, "बोलू नका जरा."
मी थांबलो.
इंजिन चालू होतं.
मला तर ठीकच वाटत होतं.