काडीपाखरू

चादर द्वारकाबाई नेवाऱ्यांची. धुतलेली,
एका कोपऱ्यात नीळ जरा जास्त बसलेली.
पिंपळखुट्याला, तुरीच्या धुऱ्यावर
दोन काठ्यांना ती बांधली
आणि तिच्यापुढे दिवा टांगला.

आधी तुडतुडे, मग शेणकिडे,
मग न बोलावलेला एक नाकतोडा.
साडेनऊला तो आला. बसला,
जशी कुणी नखाएवढी कुदळ
चादरीला टेकवून ठेवावी.

ढोमणे मॅडम म्हणाल्या, पिसारी.
पुढचा पंख दुभंगलेला, मागच्याच्या तीन पाती,
काठाला झालर,
रंग जुन्या पोत्याचा.
"काडीपाखरू हाये थे," द्वारकाबाई म्हणाल्या,
"शेंगीले भोक पाडते ना, थे याचंच लेकरू."

अकरापर्यंत एकोणीस झाले.
एकोणीसही सारखे.
"मंग एकच जात लिहा ना बाप्पा,
कायले थंडीत जागता?"

पंखावरून सांगता येत नाही, बाई.
पोट वेगळं करावं लागतं.
कॉस्टिकमध्ये ऊन करायचं,
ग्लिसरीनच्या थेंबात सुईनं उलगडायचं.
नराच्या टोकाला चिमटा असतो,
केसापेक्षा बारीक,
जातीजातीचा निराळा.
मग पाखरू टाचणीवर, पेटीत,
आणि पोट काचेवर, दुसऱ्या कपाटात.
मध्ये फक्त एक नंबर.
तो चुकला
तर ते पोट कुणाचंच नाही.

नंबर मी घालतो. बावीस वर्षं परिचर आहे,
माझं अक्षर मुंगीच्या मापाचं.

सोळा तुरीवरचे निघाले.
दोन वालावरचे, ते तिथं काय करत होते कोण जाणे.
एक उरला.
मॅडमनी त्याचा चिमटा
तीन रात्री पुस्तकांशी लावून पाहिला,
मग फोटो पाठवले.
पुण्याहून दोनच शब्द आले: मादी हवी.

जानेवारीत परत गेलो. तूर निघालेली,
अंगणात तुराट्यांचा ढीग.
द्वारकाबाई म्हणाल्या, "आले होते ना,
परवा बलबापाशी लय काडीपाखरं.
सकाळी झाडून टाकले."
मी उकिरड्यापर्यंत जाऊन आलो.
राख, कोंडा, लसणाची सालं.
बोटाला जरा करडं लागलं,
ते राखेचंही असेल.

निघताना त्यांनी विचारलं,
"माह्या चादरीचं नाव टाकलं का त्याच्यात?"

चिठ्ठी पंधरा मिलिमीटर लांब, पाच रुंद.
गाव, तालुका, तारीख, पीक, दिवा.
जातीची जागा कोरी.
मी टाचणीवरून ती हळूच काढली
आणि उलटी केली.
खाली जागा होती.