समासात

इकितोसला नदी चढली होती,
म्हणून बेलेनच्या घरांमधून मी होडीनेच फिरले,
नगरपालिकेचे फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत घालून.
एकवीस प्रश्न. प्रत्येकापुढे चार चौकोन:
कधीच नाही, कधीकधी, बहुतेक दिवस, रोज.
साथ ओसरून चार वर्षं झाली,
आता कुठे कुणालातरी विचारावंसं वाटलंय
की माणसं कशी आहेत.

एर्मोहेनेस घरात सोड्याची बाटली उघडू देत नाही.
फस्स आवाज झाला की उठून बाहेर जातो.
त्याची मुलगी, अकरा वर्षांची,
झोपलेल्या बापाच्या नाकाखाली बोट धरून बसते,
मग वर्गात डुलक्या काढते.
मी 'कधीकधी'वर खूण केली. खोडली.

पलीकडे सोयला.
झोप लागते का?
"वीज असली की लागते."
फॉर्मात वीज नव्हती.

"ऑक्सिजनच्या रांगेत माझा नंबर एक्केचाळीस.
पुढे नऊ जण उरले तेव्हा दवाखान्यातून फोन आला.
ऐकला, आणि खिशात टाकला.
रांग नाही सोडली. का, ते विचारू नकोस,
पायच निघेनात.
पहाटे सिलिंडर मिळाला.
मागच्या माणसाला विकला, तिप्पट भावाने.
तो रडत होता,
आणि माझे आभार मानत होता."

कोपऱ्यात फ्रीझर, एका अंगाने गंजलेला.
आत आग्वाहेच्या कुल्फ्या, एका सोलला एक.
"त्या पैशांचा," ती म्हणाली.
"रात्रभर घोरतो. बरं वाटतं.
वीज गेली की एकदम गप्प.
मग मी उठते, त्याच्यावर हात ठेवून बसते
वीज येईपर्यंत."

प्रश्न सोळावा: अपराधी वाटतं का?
तिने तो मला दोनदा वाचायला लावला.

"त्याची बायको जगली.
दर रविवारी माझ्याकडूनच कुल्फी नेते.
तिला काही ठाऊक नाही. तो होडीतच बसून राहतो,
तोंड पलीकडच्या काठाकडे करून.
हे लिही कुठेतरी."

चौकोनात मावत नव्हतं.
समासात लिहिलं, बारीक अक्षरात, कागद उभा धरून.
समासातलं आमचं मशीन वाचत नाही,
हे तिला सांगितलं नाही.

निघताना तिने एक कुल्फी पुढे केली.
एक सोल मोजून घेतला.